दहावं कुलूप

चावीवाला दशांश द्यायचा, पण पैशांतून नाही, कामांतून. नऊ कामांची कमाई घरची, दहाव्या कामाची सगळीच्या सगळी देवाची. ही युक्ती त्याची त्यानेच काढली होती, कारण आधीच्या हिशेबापायी त्याचं डोकं फिरायची वेळ आली होती. दशांश काढायचा तो हातात आलेल्या पैशांतून, की पेट्रोल, कोऱ्या चाव्या आणि दुकानाचं भाडं वजा करून उरेल त्यातून? चर्चच्या मंडळीतला एक म्हणाला, वजा करून. दुसरा म्हणाला, आधी देवाचं, मग बाकीच्यांचं. दोघांकडेही शास्त्रातला आधार तयार होता. त्यापेक्षा दहावं काम बरं. ते लहान निघो की मोठं, आपण त्यात लुडबुड करायची नाही.

बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. तिला हे कधीच पटलं नाही. "अहो, प्रभूने आपल्यासाठी जीव दिला तो काय दहावा हिस्सा दिला?" ती म्हणायची. "द्यायचं तर मनापासून द्या. बोटं कसली मोजता?"

"बोटं मोजली नाहीत तर मन पळवाटा काढतं," तो म्हणायचा.

पण मोजूनही मन ते करायचंच. नववं काम तिजोरीचं निघालं की त्याला बरं वाटायचं, दहावं सायकलच्या कुलपाचं निघालं की त्याहून बरं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायची आणि रविवारी उपासनेत त्याला एका जागी बसवायचं नाही. देव बघतोय, आणि मी देवाला गंडवतोय, असं काहीतरी आत कुरतडत राहायचं.

अशात एका शनिवारी सकाळी एका घरमालकाचा फोन आला. तीन मजली इमारत, वरच्या खोलीच्या दाराचं कुलूप बदलायचं होतं. "आत्ताच्या आत्ता या. तिप्पट देतो," घरमालक म्हणाला.

ते दहावं काम होतं. चावीवाल्याला वाटलं, सुटलो. इतके दिवस देवाला चिल्लर मिळत होती, आज एकदम भरपाई होईल.

दाराबाहेर बायकी चपलांचा जोड होता, त्याच्या शेजारी लहान मापाचे बूट. चावीवाला थबकला.

"भाडेकरू आहेत ना इथे?"

"होती. गेली सोडून. सामान नेईल नंतर," घरमालक म्हणाला. "तुम्ही तुमचं काम करा."

त्याने तारा काढल्या. कुलूप जुनं होतं, पटकन उघडलं. दार आत लोटलं तर खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल, ओट्यावर वाडग्यात भिजत घातलेले वाटाणे. सोडून जाणारं माणूस जेवणाची तयारी करून जात नाही, हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. चावीवाल्याला ते कळलंही. पण त्याने मान खाली घातली. कुलपातलं चावी फिरते ते जुनं सिलिंडर काढून बॅगेत टाकलं, नवं बसवलं, स्क्रू आवळले. मी विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं, आणि पैसे तर माझे नाहीतच, असं तो मनात घोकत होता. घरमालकाने पाकीट दिलं. नव्या चाव्या त्याने घरमालकाच्या हातावर ठेवल्या.

खाली उतरताना जिन्यात एक बाई भेटली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात साताठ वर्षांची मुलगी. तिने त्याच्या खांद्यावरची हत्यारांची बॅग पाहिली.

"चावीवाले ना तुम्ही? बरं झालं. वरचं माझं कुलूप हल्ली अडकतं. जरा बघता का?"

"नंतर," तो म्हणाला, आणि दोन दोन पायऱ्या उतरत रस्त्यावर आला.

पुढच्या गिऱ्हाइकाकडे त्याने चावी कुलपातच मोडली. उमेदवारीचे दिवस सोडले तर असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. ते कसंबसं निस्तरून तो तडक चर्चमध्ये गेला. पाळक मागच्या खोलीत प्रभुभोजनाचे छोटे पेले धूत होते. चावीवाल्याने पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे आत्ताच घ्या."

"उद्या उपासनेत दानाची पिशवी फिरेलच की."

"उद्यापर्यंत नको माझ्याकडे." तो बसला, पुन्हा उठला. "पाळकसाहेब, खरं सांगा. दशांश द्यायलाच हवा का? आपल्याला तो नियम लागू आहे का?"

पाळकांनी एक पेला उपडा ठेवला. "मी देतो. आईने लावलेली सवय आहे, आणि मला ती आवडते. पण जुना नियम आजही आपल्या मानेवर आहे, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. माझा पगार त्यातूनच निघतो, त्यामुळे व्यासपीठावरून हे बोलताना जीभ जड होते." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण भर दुपारी धावत यायला हे कारण नसावं."

मग चावीवाल्याने सगळं सांगितलं. टॉवेल, वाटाणे, जिन्यातली बाई. काही लपवलं नाही.

पाळकांनी नळ बंद केला. "पुदिन्याचासुद्धा दहावा हिस्सा काढून ठेवणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं, आठवतं? न्याय आणि दया तेवढी विसरलात, म्हणाला."

"पण दशांश सोडा असंही नाही म्हणाला!" चावीवाला जवळजवळ ओरडलाच.

"नाही म्हणाला. ते मलाही टोचतं. आपण बसू त्यावर एकदा, हवं तर भांडू." पाळकांनी ओले हात पुसले आणि पाकीट उचलून त्याच्या हातात परत दिलं. "पण ती बाई आत्ता कुठे आहे?"

चावीवाला परत त्या इमारतीत पोचला तेव्हा ती वरच्या जिन्यावर बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. घरमालक खालच्या मजल्यावर आपल्या दारात उभा होता. चावीवाल्याने पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"तुमचे पैसे. मी जुनं कुलूप परत बसवतोय."

"डोकं ठिकाणावर आहे का? दोन महिन्यांचं भाडं थकलंय तिचं!"

"असेल. कोर्टाचा कागद दाखवा, मी तुमच्या नव्या कुलपाला हात लावणार नाही."

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. सकाळी रिकामी म्हणून दाखवलेली खोली त्यांनाही दाखवू."

घरमालकाने पाकीट हिसकावलं, शिव्या दिल्या, पण फोन काही उचलला नाही.

चावीवाला वर गेला. जुनं सिलिंडर त्याच्या बॅगेतच होतं. ते त्याने परत बसवलं. तिने आपली चावी घालून पाहिली. फिरली. तो वाट पाहत उभा राहिला. कशाची, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"सकाळी तुम्हीच होतात ना?" ती म्हणाली.

"हो."

"आणि मी तुम्हाला माझं कुलूप बघायला सांगत होते."

तिने मुलीला उचललं, आत गेली आणि आतून कडी लावली.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती चिडेल, निदान टोमणा मारेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "त्या पोरीने काही खाल्लं होतं का?" त्याला ते माहीत नव्हतं.

त्या घरमालकाने आसपासच्या इमारतींत त्याचं नाव खराब केलं आणि महिनाभर काम निम्म्यावर आलं. बाई पुढे कधीतरी खोली सोडून गेली. कुठे, ते कुणालाच सांगता आलं नाही. चावीवाल्याने कामं मोजणं थांबवलं. आता शनिवारी रात्री नवराबायको मिळून ठरवतात, कधी दशांशाहून जास्त, कधी कमी, आणि कधी ते पैसे चर्चमध्ये न जाता भलत्याच दारात जातात. बायको निवांत झोपते. तो मात्र एखाद्या घरात कुलूप उघडायला बोलावलं की आधी शेजारचं दार ठोठावतो आणि विचारतो, "इथे कोण राहतं?" गिऱ्हाईक वैतागतं. तो उत्तर येईपर्यंत बॅग उघडत नाही.