सूर्यास्तानंतरची सहा मिनिटं

"धावपट्टी दिसतेय का तुम्हाला?" वैमानिकाने रेडिओवर विचारलं, तेव्हा दुर्बीण तिने आधीच डोळ्यांना लावलेली होती.

दिसत होती. दूरच्या टोकाचे चुन्याने रंगवलेले दगड दिसत होते, त्यामागचं तारेचं कुंपणही. टेकडीच्या माथ्यावर सूर्याची नुसती कड उरली होती. भिंतीवरच्या कोष्टकात त्या तारखेपुढे पाच एक्कावन्न लिहिलेलं होतं आणि विमान पोचणार होतं पाच सत्तावन्नला. या धावपट्टीला दिवे नव्हते. दिवे नसलेल्या पट्टीवर सूर्यास्तानंतर विमान उतरवायचं नाही, हा नियम तिने चौदा वर्षांत एकदाही वाकवला नव्हता.

खाली फाटकापाशी रुग्णवाहिका उभी होती. आत तिचा दादा होता आणि दाराशी वहिनी. वहिनी वर मनोऱ्याच्या काचेकडे बघत होती.

दादाच्या मेंदूत गुठळी झाली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन शहरातच मिळायचं, आणि झटका आल्यापासून साडेचार तासांत द्यायला हवं, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. झटका अडीचला आला, असं वहिनी म्हणाली होती. म्हणजे सातपर्यंत मुदत. विमानाने जेमतेम जमलं असतं. रस्त्याने पाच तास लागायचे.

"तुम्ही हो म्हणालात तर मी उतरवतो," वैमानिक म्हणाला. त्याचा आवाज तरुण होता. त्याच्यासोबत एक डॉक्टर आणि एक नर्स होती. उतरून, रुग्णाला घेऊन परत उडायचं म्हणजे सहा वाजून दहा मिनिटं तरी होणार. पट्टीच्या पश्चिम टोकाला टेकडी आणि टेकडीवरून गेलेल्या विजेच्या तारा.

तिने दुर्बीण खाली ठेवली.

"सूर्यास्त पाच एक्कावन्न," ती म्हणाली. "पट्टी बंद आहे. मागे फिरा."

वैमानिकाने समजल्याचं सांगितलं. जिना उतरून ती फाटकापाशी पोचेपर्यंत रुग्णवाहिका वळून रस्त्याला लागलीही होती.

दादा वाचला. महिन्याभराने घरी आला तो उजवं अंग गमावून. वाचाही गेली. 'हो' आणि 'नको' एवढे दोनच शब्द राहिले, तेही कधीकधी अदलाबदल होऊन येत.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. नाही म्हणायला एका काकूने चारचौघांत सुस्कारा टाकला, की नियम रक्ताच्या नात्यापेक्षा घट्ट निघाला म्हणायचा. गावात पूर्वीपासून तिला मावळतीबाई म्हणत. फुटबॉल शिकवणारे मास्तर, फोटोवाला, असे कुणीकुणी फोन करून आज दिवस किती वाजता मावळतो ते विचारायचे, आणि ती कोष्टक न बघता सांगायची. त्या वर्षी हे फोन थांबले. लोकांना संकोच वाटत असावा. त्यांचं काम काय, घड्याळावरही भागत होतं.

ती मात्र रोज पट्टी बंद केल्यावर खोलीतला दिवा न लावता आणखी सहा मिनिटं काचेशी उभी राहू लागली. दूरचे दगड दिसतात का, एवढंच बघायचं. दिवस मिनिटामिनिटाने लांबत गेले. सूर्यास्ताचे साडेसहा झाले, सात झाले, भर उन्हाळ्यात सात बारा. उन्हाळ्यात तर उजेड इतका रेंगाळायचा की सहा काय, वीस मिनिटांनीही दगड मोजता आले असते. मग ढगांचे महिने आले. तेव्हा काही संध्याकाळी सूर्य मावळायच्या आतच पट्टी पुसली जायची. अशा संध्याकाळी तिला त्या रात्रीपुरती बरी झोप लागायची.

दर रविवारी ती दादाकडे जायची. त्याची दाढी करायची, नखं कापायची. वहिनी चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. त्याचा आपल्यावर राग आहे, असं तिने धरून चाललेलं होतं. वहिनीचा आहे, याबद्दल तर शंकाच नव्हती.

दिवस पुन्हा आखडले. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, साडेपाचच्या सुमाराला वहिनी जिना चढून वर आली. या खोलीत ती कधीच आली नव्हती. कोष्टकाकडे तिने एकदा बघितलं. बसली नाही.

"वन्सं, मला खाली पट्टीवर नेता?" ती म्हणाली. "त्या वेळेला किती अंधार असतो, ते बघायचंय."

नाही म्हणायला जागा नव्हती. दोघी पट्टीच्या कडेने चालत निघाल्या. वारा बोचरा होता. तिने खांद्यावरची शाल वहिनीपुढे केली, वहिनीने मानेनेच नको म्हटलं. अर्ध्यावर आल्यावर सूर्य टेकडीआड गेला. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. वहिनी आकाशाकडे बघत नव्हतीच, तिची नजर दगडांवर होती.

"झाली सहा मिनिटं," ती शेवटी म्हणाली.

वहिनीने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. "दिसतंय की सगळं."

"हो. दिसतंय."

विमानाला परत उडायलाही वेळ लागला असता, टेकडीवर तारा आहेत, हे वर्षभर घोकून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. तिने ते गिळलं. आता वहिनी जे काही बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं.

वहिनी दगडांकडेच बघत म्हणाली, "झटका अडीचला नव्हता आला."

ती वहिनीकडे वळली.

"सकाळी आठला त्यांच्या हातून कप पडला. तोंड वाकडं झालं होतं, बोलणं जड. आदल्या दिवसापासून आमचा अबोला होता. मला वाटलं, सोंग करतायत, मी आधी बोलावं म्हणून. मी दार ओढून घेतलं आणि शाळेत शिकवायला गेले. अडीचला परत आले तर जमिनीवर पडलेले." वहिनीने ओठ ओले केले. "डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी अडीच सांगितलं. तुमचे साडेचार तास दुपारी साडेबारालाच संपले होते, वन्सं. विमान उतरलं असतं, तरी."

तिने घड्याळावर हात ठेवला आणि तो तसाच घट्ट दाबून धरला. तिच्या डोळ्यांपुढे एकेक रविवार येऊन गेला. वहिनी आणून ठेवायची तो चहा, मग आतल्या खोलीचं लागलेलं दार. ओरडावंसं वाटलं, पण आवाज बाहेर आला तो अगदी बेताचा.

"वर्षभर तू मला बघत होतीस."

"हो."

"आणि दादा?"

"त्यांना सगळं आठवतं. मी समोर गेले की भिंतीकडे वळतात."

उजेड आता भराभर उतरत होता. दूरच्या टोकाचे दगड एकमेकांत मिसळू लागले होते.

"जे मला सांगितलंस ते त्याला सांग," ती म्हणाली. "आजच."

"त्यांना काय सांगायचं? त्यांना माहीतच आहे."

"त्याला माहीत आहे. पण तुझी चूक तुला कळलीय, हे त्याला कुठे माहीत आहे?"

वहिनीने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. मग ती वळली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली, आधी हळू, मग भरभर. वहिनीला गाठणं नणंदेला अवघड नव्हतं. पण ती चार पावलं मागेच राहिली, आणि तसंच अंतर राखून तिच्यामागून चालत राहिली.