मीठ हातात द्यायचं नाही

आमच्या वर्गात माझा नियम एकच होता: चाखल्याशिवाय भगोणं चुलीवरून उतरवायचं नाही. बाकी कुणी विळीवर चिरा, कुणी सुरीनं चिरा, कुणी बोलत करा, कुणी गात करा, मला देणंघेणं नाही. पण चाखायचं. घरी चार माणसांचं बिघडलं तर दोन शब्द ऐकून भागतं, शंभर माणसांचं बिघडलं तर काम जातं.

आणि पहिल्याच दिवशी साखराबाईंनी माझ्यापुढे हात जोडले.

"बाई, निवदाच्या आधी उष्टं करायचं न्हाई. जन्मात केलं न्हाई."

मी लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. शिरूर अनंतपाळच्या महिला मंडळानं मोठ्या स्वयंपाकाचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा मला बोलावलं ते माझ्या हाताला चव आहे म्हणून नव्हे, माझा आवाज मोठा आहे म्हणून. लातुरात कोचिंगला आलेल्या पोरापोरींची वसतिगृहं गल्लोगल्ली झालीत, मेसला बाया मिळत नाहीत, आणि इकडे कामाच्या शोधात बाया बसलेल्या. ही दोन टोकं जोडायची, एवढाच आमचा उद्योग. त्यात हे सोवळं कुठून आलं, म्हणून मी कपाळाला हात लावला.

पण वर्गातल्या सगळ्या साखराबाईंच्या बाजूनं. शेवटी तह झाला. कोपऱ्यात देवीचा फोटो होता. प्रत्येक भगोण्यातलं वाटीभर आधी तिला दाखवायचं आणि मग चाखायचं. देवीला दिवसातून पाच-पाच वेळा आमटी खावी लागली, पण तिनं तक्रार केली नाही. साखराबाई डोळे मिटून नैवेद्य दाखवायच्या, तळहातावर थेंबभर घेऊन जिभेला लावायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय."

कधीही विचारा, "बरं हाय." आणि खरंच बरं असायचं. मीठ त्या मुठीनं घालायच्या, पण ते कमी नाही की जास्त नाही. पूर्वी गावच्या लग्नांत त्यांना चुलीवर मानानं बसवायचे, हे त्यांनी नाही, दुसऱ्याच बाईनं मला सांगितलं.

त्यांच्या शेजारी उभी असायची कमलम्मा. उदगीरकडची, निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि सगळं मोठ्यानं. ती नैवेद्य दाखवायची, पण देवीच्या तोंडापाशी वाटी पोचायच्या आत हिची जीभ भगोण्यात. "बाई, माझी जीब थांबत न्हाई बघा," असं म्हणून वर हसायची.

एकदा फोडणीतला लसूण जळला. सगळा हॉल ठसकला, मी पदर नाकाला लावून पळत आले, आणि साखराबाई कढईशेजारीच पीठ मळत बसलेल्या, ढिम्म. "अहो, लक्ष कुठं आहे?" म्हणून मी ओरडले. त्यांनी मुकाट्यानं कढई उतरवली. विचारात असतील, असं मला वाटलं. विचार करायला त्यांच्याकडे कारणही होतं.

साखराबाईंचा नवरा करोनात गेला. तो गिरणीवर कामाला होता, राहायची खोली गिरणीची. तो गेला तशी खोलीही गेली. एकुलती एक मुलगी शिल्पा जवळच्याच खेड्यात दिलेली. ती आईला सासरी घेऊन गेली. विहीण वाईट नव्हती. पण लेकीच्या सासरी जेवायला बसताना घास उतरत नाही, हे त्या बोलून दाखवायच्या.

आणि त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाई, पंचमी आली की साऱ्या पोरी माहेरी जातात. माझी शिल्पी जाणार कुठं? तिचं माहेर तर तिच्याच सासरी, वसरीत गोधडी टाकून झोपतंय."

मी नुसतीच पुढची भाकरी उलटली.

म्हणून अमृतरावांचं नाव निघालं तेव्हा साखराबाईंचा चेहरा मी पहिल्यांदा उजळलेला पाहिला. अमृतरावांचं लातुरात मुलींचं वसतिगृह. त्यांना मेससाठी दोन बाया हव्या होत्या, आणि स्वयंपाकघरामागे राहायला खोली होती. खोली! वर्गाच्या शेवटच्या दिवशी ते आमच्याकडे जेवून जाणार आणि बाया निवडणार, असं ठरलं.

त्या दिवशी सकाळपासून हॉलमध्ये धांदल. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, वरणभात. मंडळाच्या पन्नासेक बायकांची पंगत आणि मध्ये अमृतराव. आमटी साखराबाईंकडे, भाजी कमलम्माकडे. दोघींची भगोणी शेजारी शेजारी, आणि मिठाची बरणी एकच.

आता आमच्याकडे मीठ एकमेकींच्या हातात देत नाहीत. दिलं की भांडण होतं म्हणतात. मीही देत नाही. विज्ञान शिकवलं असलं तरी शेजारणीशी भांडण मला परवडत नाही. बरणी खाली ठेवायची आणि दुसरीनं ती उचलायची, ही रीत. साखराबाईंनी आमटीत मीठ घातलं, बरणी दोन्ही भगोण्यांच्या मध्ये ठेवली, कमलम्माकडे पाहिलं आणि भाकरीकडे वळल्या. त्यांच्या मनात, भाजीसाठी घे. पण कमलम्माची भाजी केव्हाच मीठ पडून तयार होती. साखराबाईंनी मीठ घातलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आमटीत घाल म्हणून ठेवलंय. तिनं मूठभर उचललं आणि टाकलं आमटीत.

दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. कमलम्मा आयुष्यात एकदाच गप्प बसली, ती नेमकी तेव्हा.

पंगत बसली. साखराबाईंनी वाटी देवीला दाखवली, थेंब जिभेला लावला. "बरं हाय." वाढपी बाया भगोणं उचलणार, तेवढ्यात मी सवयीनं पळी तोंडाला लावली. माझे डोळेच फिरले. समुद्र होता नुसता.

"साखराबाई, हे तुम्ही चाखलंत?"

"हाव."

"आणि हे बरं आहे?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली. माझा राग मस्तकात गेला होता. त्यांच्या दंडाला धरून मी त्यांना कोठीत नेलं आणि दार लोटलं. "चाखायचं नाटक करता होय? बाहेर तो माणूस पानावर बसलाय!"

त्या तिथेच ज्वारीच्या पोत्यावर बसल्या.

"मला चव येत न्हाई, बाई. वास बी येत न्हाई. करोना झाला तवा मालक गेले अन् ही बी गेली. जिभेवर मीठ ठेवलं काय अन् माती ठेवली काय, सारखंच."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई. शिल्पीला बी सांगितलं न्हाई. तिच्या घरी मी चुलीकडं जातच न्हाई, तिला वाटतं आईनं दुःखानं सैपाक सोडला. सांगू कशी? खारट-अळणी कळंना अशा बाईला कोण ठेवून घेईल?" त्यांनी पदर तोंडावर ओढला. "हाताला अंदाज हाय म्हणून चालून राहिलं होतं. आज हात बी चुकला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लसूण जळाला होता तो दिवस आठवला आणि मला माझाच राग आला. इतके दिवस मी या बाईला सोवळी म्हणत होते, आणि ती बिचारी रोज भीत भीत तळहात चाटत होती.

दार उघडून कमलम्मा आत आली. तिला बाहेरच सगळं ऐकू आलं होतं. "हात न्हाई चुकला अक्का तुझा. मीठ मीच पुन्हा टाकले. बरणी माझ्यासाठी ठेवली म्हणून." एवढं बोलून ती स्वतःच्या गालावर चापट मारायला लागली. मी तिला थांबवलं. वेळ नव्हता.

वरणासाठी शिजवलेली बिनमिठाची डाळ तशीच होती. ती सगळी आमटीत ओतली, उकळतं पाणी, चिंच, गूळ, काळा मसाला, वरून नवी फोडणी. भगोणं काठोकाठ भरलं. कमलम्मानं चाखलं, मी चाखलं, पुन्हा कमलम्मानं चाखलं. वरणाला त्या दिवशी सुट्टी. आमटी पंगतीत गेली आणि अमृतरावांनी पहिला भुरका मारून मान हलवली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी आमटी तीनदा मागून घेतली.

हात धुऊन ते म्हणाले, "आमटी केली त्या बाई मला द्या. अन् भाजीवाल्या बी."

झालं, असं मी मनात म्हणतेय, तोच साखराबाई पुढे आल्या. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"दादा, एक सांगायचं हाय. मला चव कळत न्हाई. आजची आमटी खारट झाली होती, मला कळली न्हाई. या दोघींनी सावरली. खोटं बोलून आले तर रोज भ्यावं लागंल. म्हणून सांगून राहिले."

अमृतराव सुपारी चघळायचे थांबले. मला वाटलं, गेली खोली. गेली पंचमी.

"चव कळत न्हाई, अन् सैपाक करता?" ते म्हणाले.

"हात कळतो तिचा," कमलम्मा मध्येच बोलली. "जीब माझी घ्या. माझी तशीबी लई चालते. दोघी पायजेतच की तुम्हाला!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अमृतरावांना मात्र हसू आलं नाही.

"माझ्या आधीच्या आचाऱ्याला सगळी चव कळायची," ते सावकाश म्हणाले. "त्याला आवडंल तसं करायचा. जळजळीत. मिरचीच्या मुलखातल्या, धर्माबादच्या पोरी तसलं खायच्या, बाकीच्या रडायच्या. त्यानं कधी एका पोरीला विचारलं न्हाई, कसं झालंय म्हणून. पोरी घरी फोन करायच्या अन् त्यांचे बाप मला." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही विचाराल का? रोज? पंगतीत उभं राहून?"

"विचारीन," साखराबाई म्हणाल्या. "मला विचारावंच लागंल, दादा."

"मग या सोमवारी. दोघी बी."

साखराबाईंनी देवीच्या फोटोपुढे डोकं टेकलं. कमलम्मा रडत होती, मीही रडत होते, आणि अमृतराव बावरून म्हणत होते, "अहो, काय झालं? पान हाय का कुणाकडं?"

पंचमीला साखराबाईंनी मला लातूरला जेवायला बोलावलं. खोली लहान होती, पण पांढरा चुना दिलेली. खिडकीत तुळस आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. आणि खाटेवर नवी साडी नेसून, हातभर हिरव्या बांगड्या भरून बसलेली शिल्पा. आदल्या दिवशीच आली होती.

"माहेराला आले बाई," ती मला म्हणाली. एवढंच म्हणाली आणि बांगड्या मागेपुढे करत बसली.

त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्यामुळे पुरणाचे दिंड उकडलेले, भात आणि कटाची आमटी. मुलींच्या पंगतीतच आम्ही बसलो. सगळ्यांचं वाढून झालं, पहिला घास झाला, आणि साखराबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभ्या राहिल्या. एवढा आवाज या बाईत होता हे मला माहीत नव्हतं.

"पोरींनो, मीठ कसं हाय गं?"

"बरं हाय!" सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या.

शिल्पाचा घास हातातच राहिला. "आई, तू इतक्या जोरात का विचारतीस?"

साखराबाई तिच्यापाशी येऊन बसल्या. "मला कळत न्हाई म्हणून. करोनापासून. तुला सांगितलं न्हाई."

वसरीत बसलेली आई, चुलीकडे पाठ करून जेवणारी आई, हे सगळं शिल्पाच्या डोळ्यांपुढून गेलं असणार, कारण तिचे डोळे भरून आले. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको. पानावर रडत न्हाईत. खाऊन सांग."

शिल्पानं डोळे पुसले, आमटीचा घोट घेतला, जिभेवर घोळवला. "आई, मला जरा अळणी लागली."

"अगं बाई!" साखराबाई हसल्या. अशा हसल्या की सगळी पंगत वळून बघायला लागली. त्या आत गेल्या, मिठाची वाटी घेऊन आल्या. शिल्पानं घ्यायला हात पुढे केला.

साखराबाईंनी वाटी तिच्या हातात दिली नाही. वाकून ती ताटाशेजारी जमिनीवर ठेवली.

"घे तिथून," त्या म्हणाल्या. "माहेरी आलीस. भांडण नको आपलं."