सात दीपगृहांना सहा गुण

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या होबार्टमध्ये व्हिडिओ गेम बनवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि ते खेळून मासिकात दहापैकी गुण देणारा मी एकटा. त्यामुळे ओळखीच्याच कुणाचा तरी गेम माझ्यापुढे येतो. तरी आयल्सा ट्रँटरचा गेम हातात घ्यायला मी बिचकलो. शाळेत असताना तिच्या घरी जमिनीवर पालथं पडून आम्ही दोघांनी एकच जुना गेम तीन हिवाळे खेळला होता, आणि हा गेम थेट त्याच्याच कुळातला होता.

नाव 'सात दीपगृहं'. चौकोनी ठिपक्यांची चित्रं, टीं टीं करणारं संगीत, एक मुलगी, एक तलवार, एक कंदील. नकाशा नाही, कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. मेलात की सरळ पहिल्या दीपगृहाशी, करा पुन्हा पायपीट! पहिल्या दिवशी मी आयल्साला मनसोक्त शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी कळलं की त्या पायपिटीच्या वेळात ओहोटी लागते, वाळू उघडी पडते आणि आधी नसलेली वाट दिसते. बयेनं हरण्यातच बक्षीस दडवलं होतं! मी खुर्चीतून उठून एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. दहापैकी नऊ, डोळे झाकून.

पण आमच्या मासिकात रीत अशी की, बनवणारा ओळखीचा असेल तर लेखाखाली तसं छापायचं. गेल्या वर्षी एका मित्राला आठ दिले होते, तर वाचकांनी महिनाभर माझी सालं काढली. दुधानं तोंड पोळलेला मी. 'लेखक आणि आयल्सा बालमित्र आहेत' ही ओळ टाइप केली, वरचा नऊ पाहिला आणि ती ओळ पुन्हा वाचली. नवाचे आठ केले. मग सात. सहावर जीव थाऱ्यावर आला. सहाला कारण हवं, म्हणून लिहिलं, 'परतीची पायपीट कंटाळवाणी. जुन्याची आंधळी नक्कल.'

देशभरच्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी पंचाहत्तर टक्के भरली तरच प्रकाशक आयल्साला पुढचा गेम करू देणार, नाहीतर तिला गाशा गुंडाळावा लागणार, हे मला ठाऊक होतं. माझ्या एकट्याच्या आकड्यानं काय होतंय, म्हटलं.

सरासरी चौऱ्याहत्तर भरली.

शनिवारी दुपारी धक्क्यावर आयल्सा भेटली. मासे-चिप्सचा पुडा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "थोबाड बघ! जसा काही तुझाच गेम आपटलाय."

"आता काय करणार गं?"

"सोमवारपासून दातांच्या दवाखान्यात, काउंटरवर. चांगलं आहे रे, पाचला सुट्टी." मग बोटाचं मीठ चाटत म्हणाली, "डर्मट, ती पायपीट काढून टाक म्हणून सगळे सांगत होते. मी हट्टानं ठेवली. म्हटलं, कुणाला नाही तरी डर्मटला कळेल. तूच कंटाळलास म्हटल्यावर कळलं, मला जमत नाही. बरं झालं, वेळेत कळलं."

मला राहवेना. "आयल्सा, कळलं होतं मला. टाळ्या वाजवल्या मी. नऊ लिहिले होते."

तिचा हात पुड्यातच थांबला. "मग?"

"लोक म्हणाले असते, मैत्रीण म्हणून दिले."

"कोण लोक? एकाचं नाव सांग."

मी आठवू लागलो. एकही नाव आठवेना.

"मी आजच दुरुस्ती छापतो," मी घाईघाईनं म्हणालो. "नऊ छापतो."

"सरासरी एकदाच मोजतात, शहाण्या." तिनं हात पुसले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी शांत होता. "तुला आवडला नाही, हे मी गिळलं होतं रे. आवडला होता, हे कसं गिळू?"