दोन गुलाबी कडी

शहाद्याच्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवताना रुपा मॅडमनी फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडलं आणि वर्गाला प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर पारदर्शक टाकी होती. तिच्यात दाट ग्लिसरीन, थोडा कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब. सगळं गुलाबी झालेलं. मधोमध ढवळणारं पातं संथ फिरत होतं.

"ॲसिड जिथे पोचेल तिथला रंग जाईल," मॅडम म्हणाल्या. "सगळा रंग जायला किती वेळ लागेल?"

खापर गावच्या कापड दुकानदाराची मुलगी नेहल लगेच म्हणाली, "दोन-चार मिनिटं. ढवळतंच आहे की."

तिनेच ॲसिड सोडलं. कडेचा रंग विरला, तळाचा विरला. मग विरणं थांबलं. पात्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन गुलाबी कडी नितळ ग्लिसरीनमध्ये तरंगत राहिली. हाताने घडवल्यासारखी गोल.

सगळे वाट बघत उभे राहिले. नेहलने आणखी ॲसिड घातलं. कडी तशीच.

कळसाडीचा भाग्येश एरवी मॅडमशी जपून पुस्तकी मराठी बोलायचा. आज त्याला भान राहिलं नाही, घरची अहिराणीच तोंडात आली. "मॅडम, हाई काय शे? ॲसिड बाहेरच फिरी ऱ्हायनं, मझार जातच नही."

कुणी हसलं नाही.

"आतलं आतच फिरतंय, बाहेरचं बाहेर," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "एकाच गतीने ढवळत राहिलं तर तासन्‌तास त्यांची गाठ पडत नाही." त्यांनीही हे आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं. त्या टाकीपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"गती बदलली तर?" नेहलने विचारलं.

"बदलून बघ."

नेहलने बटण फिरवलं. जलद, मग संथ, पुन्हा जलद. वरचं कडं थरथरलं, एका बाजूला ताणलं गेलं. त्यातून गुलाबी धागा सुटला, पात्याभोवती गुंडाळत गेला आणि दिसेनासा झाला. मागोमाग खालचंही मोडलं. टाकी पाण्यासारखी नितळ झाली.



"कारखान्यातली टाकी स्टीलची असते," नेहल म्हणाली. "आत असं काही फिरत असलं, तर बाहेरून दिसणारच नाही."

"नाही दिसत," मॅडम म्हणाल्या.

तास संपला, दुसरी बॅच दाराशी आली. वर्गातलं कुणी बाहेर निघालं नाही. प्रयोग पुन्हा करून बघायला भाग्येशने टाकी रिकामी करायला घेतली आणि नेहल ग्लिसरीनचा नवा कॅन उघडू लागली.