शॉकच्या खोलीतला टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. जुना, आणि आता मनोरुग्णालयाच्या अडगळीत पडलेला. कारखान्यात मला जोडणाऱ्या बायांनी पहिल्यांदा माझ्यातून आवाज काढला, तेव्हा त्यांच्यातली एक ओरडली होती, "पोरगं रडलं गं!" पण माझं खरं कौतुक झालं ते इथे, बायकांच्या वॉर्डात. सिस्टरबाईंनी मला स्वतःच्या घरून आणलं होतं.

दुपारची औषधं वाटून झाली की त्या बासरीची कॅसेट लावायच्या. संथ आलाप, कुठे घाई नाही. मला वैद्यक कळत नाही. पाहिलं ते सांगतो. आवळलेल्या मुठी सैल व्हायच्या. भिंतीवर डोकं आपटणारी थांबायची. येरझाऱ्या घालणारी खाली टेकायची. सगळ्या बऱ्या झाल्या असं नाही, पण तासभर जिवाला उसंत मिळायची.

खिडकीजवळच्या खाटेवर शिवणकाकू होती. नवरा शिवणयंत्रावरच कोसळून गेला, तेव्हापासून अकरा महिने तिच्या तोंडून शब्द नाही. लेक दर गुरुवारी यायची. "बोलायला लागली की घरी न्या," असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी काकूची बोटं आलापाबरोबर चादरीवर टाके घालू लागली आणि ती म्हणाली, "जरा मोठ्यानं लावा."

सिस्टरबाई धावत आल्या. "अहो काकू, अकरा महिन्यांनी तोंड उघडलंत, ते मला काम सांगायला?"

अख्खा वॉर्ड हसला.

ही गोष्ट मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेली आणि घात झाला.

"इतका गुण येतो? मग हा टेप शॉकच्या खोलीत न्या. तिथं फार ओरडतात."

"साहेब, तिथं भुलीचं औषध संपलंय. आधी ते मागवा."

"बाई, तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

डोक्याला विजेचा झटका देण्याआधी बाईला खाटेला बांधायचे, आणि बांधताना मला लावायचे. झटका बसेपर्यंत मी वाजत राहायचो. काकूलाही आणलं. ती बोलायला लागली होती, पण शॉकची यादी जुनी होती आणि ती बदलण्याची तसदी कोण घेणार? पहिल्या दिवशी आलाप ऐकून ती हसली. चौथ्या खेपेला बासरीचा पहिला सूर निघाला आणि तिला कपड्यातच लघवी झाली.

सिस्टरबाईंची बदली झाली. मग शॉकच्या खोलीतलं लेकीला सांगणार कोण? आई बासरी ऐकून बोलली, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. पुढच्या गुरुवारी ती हौसेनं छोटा टेप आणि शोधून काढलेली तीच कॅसेट घेऊन वॉर्डात आली. मी तेव्हा दुरुस्तीसाठी तिथल्या टेबलावर होतो.

"आई, घरी गेलो की रोज लावू हं," म्हणत तिनं बटण दाबलं.

काकू खाटेखाली शिरली. कानांवर हात, गुडघे पोटाशी.

"आई, अगं मी आहे! मी!"

खाटेखालून उत्तर आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. लेक येत राहिली, काकू तिथेच राहिली.

मित्रांनो, गाण्यानं मन निवतं हे खोटं नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच संताप येतो. ज्या सुरानं तिचं तोंड उघडलं, त्याच सुराची यांनी तिला दहशत बसवली, आणि वर अहवालात लिहिलं, 'रुग्ण शांत.'

माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. मी लोखंड-प्लास्टिक, मला काय होतंय? उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी नर्स. बांधलेल्या माणसाला गाणं ऐकवायचं असेल, तर आधी त्याचे हात सोडा.