धानोरीची न झालेली सरपंच

संगमेशच्या घरी त्या दिवशी चहाचं पातेलं गॅसवरून खाली उतरलंच नाही. रेणापूर तालुक्यातलं धानोरी हे दोन गटांचं गाव. एकानं उजवं म्हटलं की दुसऱ्यानं डावं म्हणायचं, हे ठरलेलं. देवळाला रंग कोणता द्यायचा यावर एकमत होईना, म्हणून वर्षभर देऊळ अर्धं पिवळं आणि अर्धं भगवं ठेवणारं गाव हे! असं गाव एका नावावर एक झालं होतं, आणि ते नाव होतं शिल्पाचं. सरपंचपद या वेळी महिलेसाठी राखीव होतं. दोन्ही गट म्हणत होते, शिल्पाताईच. तेही बिनविरोध.

शिल्पा म्हणजे संगमेशची थोरली बहीण. नर्सिंग शिकली, नांदेडच्या घरी दिली, आणि नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेली. त्याला बरीच वर्षं झाली. दर हिवाळ्यात मात्र ती रजा काढून धानोरीला यायची, आणि आली की स्वस्थ बसायची नाही. गावातून रेणापूरच्या कॉलेजला जायला सकाळची एस.टी. नव्हती, त्यापायी पोरींची शिक्षणं सुटत होती. शिल्पानं बायका गोळा केल्या आणि लातूरला एस.टी.च्या साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. ती परत गेल्यावर तिची भावजय दिपाली वर्षभर खेटे घालत राहिली, तेव्हा कुठं गाडी सुरू झाली. गावानं मात्र त्या गाडीला नाव दिलं "शिल्पाताईची गाडी". विमानातून उतरलेल्या माणसाचं काम आपल्याकडं जरा जास्तच उठून दिसतं, त्याला कोण काय करणार!

"शिल्पाताई, तुमच्यासाठी आमचा गट माघार घ्यायलाय," संगमेशच्या विरोधी गटाचे पुढारी आदिनाथराव बशीत चहा ओतत म्हणाले. "गावात पयल्यांदा बिगर भांडणाचा गुलाल उधळू."

शिल्पा-संगमेशची आई केवळाबाई प्रत्येकाला कप देताना सांगत होत्या, "लेक माझी हाय, बरं का!" जसं काही कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

मंडळी उठून गेली तसा शिल्पाचा चेहरा उतरला.

"संगमेश, तुला ठाऊक हाय न्हवं, मी आता भारताची नागरिक न्हाई?"

"हळू बोल ताई!" संगमेशनं आधी दार लोटलं.

खरं तेच होतं. तिकडच्या सरकारी दवाखान्यातली नोकरी आणि पोरांचं शिक्षण बघून शिल्पानं तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं होतं. त्या देशाला दोन नागरिकत्वं चालतात. आपल्या देशाला चालत नाहीत. दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं संपलं. भारत सरकारनं तिला एक कार्ड दिलं होतं. त्यावर तिनं केव्हाही यावं, हवं तितकं राहावं. पण मत देता येत नाही आणि निवडणुकीला उभं राहता येत नाही.

"अगं त्या कार्डावरच लिव्हलंय की, सिटिझन ऑफ इंडिया!" संगमेश म्हणाला. "अन् मतदार यादीत तुझं नाव अजून हाय. आधार हाय. कोण बघायलंय? आख्खं गाव तुझ्या पाठीशी हाय, तक्रार तरी कोण करंल?"

"अन् मी तिकडं गेल्यावर?"

"मी हाय न्हवं! तू फकस्त नावाला उभी ऱ्हा. बैठका, बिलं, ठेकेदार, समदं मी बघतो."

वाचकहो, या वाक्याची आपल्याला सवय झालेली आहे. जागा बाईसाठी राखीव, पाटीवर नाव बाईचं आणि खुर्चीत बसणार बाप्या! बायको असेल तर नवरा बसतो. इथं बहीण होती म्हणून भाऊ बसणार होता. बहीण सात समुद्रांपलीकडं, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. संगमेश वाईट माणूस नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता. पण "चालतंय की" म्हणता म्हणता काय काय चालवून घ्यायचं, याचा हिशेब त्यानं कधी केला नव्हता. आपण तरी कुठं करतो?

दिपाली परातीत पीठ मळत होती. तिचा हात जरा थांबला.

आणि शिल्पा? ती ठामपणे नाही म्हणाली असेल असं तुम्हाला वाटेल. ती म्हणाली नाही. तिकडच्या भारतीय कचेरीत तिनं पासपोर्ट जमा केला, तेव्हा खिडकीतल्या माणसानं त्यावर रद्दचा शिक्का मारून तो तिला परत दिला होता. बाहेर येऊन गाडीत बसली आणि किल्ली न लावता रडत राहिली होती. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? तिला सांगताच येईना. आपलं गाव आता आपलं म्हणायचं की नाही, हा काटा तेव्हापासून आत रुतून बसला होता. आज तेच गाव दारात येऊन म्हणत होतं, तू आमची पुढारी हो. हे नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. ती भावाला एवढंच म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरुडहून ग्यानोबातात्या आले, हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंढी खांद्यावर टाकून. ग्यानोबातात्या शिल्पाच्या वडलांचे सख्खे धाकटे भाऊ. याच घरात जन्मले. पण मुरुडच्या मावशीला मूल नव्हतं म्हणून लहानपणी तिला दत्तक दिले गेले. शिल्पाचे वडील गेल्यापासून महिन्यातून एक तरी फेरी ते मारायचे.

"फारम भरायलीस म्हणं?" तात्यांनी ओट्यावर बसत विचारलं. "बरं वाटलं ऐकून."

शिल्पा त्यांच्याशेजारी बसून घाटे सोलायला लागली. चार घाटे सोलले असतील नसतील, तिच्यानं राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. नागरिकत्वाचं, कार्डाचं, यादीत राहिलेल्या नावाचं. संगमेश बाहेर आला आणि कपाळावर हात मारून उभा राहिला.

तात्या आणखी एक डहाळा ओढून घेत म्हणाले, "तुझ्या बापाची अन् मोठ्या चुलत्याची वाटणी झाली, तवा तू पोटात बी नव्हतीस. विहिरीवरून दोघं अडून बसले. तुझा बाप माझ्याकडं मुरुडला आला. म्हणला, ग्यानू, तू बी याच मायचा ल्योक हाईस, चल अन् माझ्या बाजूनं बोल."

"मग?"

"आलो. पण वाटणीला बसलो न्हाई. म्हणलं, मी आता मुरुडच्या घरचा. ह्या घरी भाकर मागून खाईन, मायचे पाय चेपीन. पण विहीर कुणाची व्हावी ते मी सांगणार न्हाई. त्या विहिरीचं पाणी मला प्यायचं न्हाई न्हवं! उद्या ती आटली तर झळ ह्यांच्या पिकाला लागंल, माझ्या न्हाई."

"तात्या, त्येला अन् ह्येला काय जोड?" संगमेश मध्येच म्हणाला. "ताई गावासाठी लई करायलीय. हिच्यासारखा सरपंच मिळंल का आपल्याला?"

"मी कुठं म्हणलो ती कमी हाय? लाखात एक हाय माझी पुतणी!" तात्यांचा आवाज चढला. "पण संगमेश, गावावर पाणीपट्टी बसली तर ही भरणार का? नळ आटला तर घागर घिऊन ही पळणार का? जो गावाचं बरंवाईट भोगतो, निर्णय त्यानं घ्यावा. मेलबर्नमदी हिनं खुशाल घ्यावा, तिकडं तिचा हक्क हाय. अन् खोट्या सहीवर मिळालेली खुर्ची, ती तू हिला इज्जत म्हून द्यायलास का?"

शिल्पाचे डोळे भरून आले होते.

"मग तात्या, मी हितली कुणीच न्हाई का?"

तात्यांनी सोललेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले. "येडी का खुळी तू? माझी माय, तुझी आजी, शेवटी आजारी पडली तवा चार महिने तिच्या उशाशी कोण व्हतं? मी व्हतो. वाटणीत बसलो न्हाई म्हून तिनं मला परका म्हणलं का? शेवटचं पाणी माझ्याच हातनं प्याली ती. पोरी, हक्क सुटतो, नातं न्हाई सुटत. पण सुटलेला हक्क चोरून घेतलास, तर मग नातं बी खरं ऱ्हात न्हाई."

ओंजळीतले दाणे शिल्पानं खाल्ले नाहीत. तशीच धरून बसली. मग उठली आणि म्हणाली, "संगमेश, संध्याकाळी देवळात बैठक हाय न्हवं? चल."

देवळाच्या मंडपात गाव जमलं होतं. हार तयार होता. शिल्पा पुढं आली, हात जोडले आणि म्हणाली, "मला उभं ऱ्हाता येत न्हाई. मी आता ऑस्ट्रेलियाची नागरिक हाय. भारताची न्हाई."

मंडपात कुजबुज उठली. आदिनाथराव उभेच राहिले. "अवं पण यादीत नाव हाय की तुमचं!"

"हाय, अन् ते नसाया पायजे. उद्या रेणापूरला जाऊन ते काढाय मी अर्ज देणार हाय."

"कशाला सांगितलं मग? कुणाला कळलं असतं?" मागून कुणीतरी म्हणालं. केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मला कळलं असतं!" शिल्पा म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "गावानं एवढा मान दिला त्येला खोटेपणा लावू कसा? अन् एक सांगू का? रागावू नका. गावाला मी कामून पायजे? मी वर्षातले दहा महिने हितं नसते, कुणाला जाब विचारणार न्हाई म्हून! ग्रामसभेला किती जण येतेत? रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतेत, हे समद्यांला ठाऊक हाय. मी ज्या नागरिकत्वासाठी रडले, ते तुमच्या खिशात पडून हाय, अन् तुम्ही ते बाहीर काढायला बी तयार न्हाईत!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बांगड्यांचा आवाज झाला आणि दिपाली उभी राहिली.

"मी उभी ऱ्हाते," ती म्हणाली. "आणि सरपंच झाले तर बैठकीला मी सोता बसणार. आत्ताच सांगून ठेवते."

शेवटचं वाक्य गावासाठी होतं की नवऱ्यासाठी, हे सगळ्यांना समजलं. संगमेश बायकोकडं असा बघत राहिला, जणू पाहुणी आली आहे.

"मग आमची सून पुनम बी उभी ऱ्हाईल!" आदिनाथरावांनी लगेच जाहीर केलं.

झालं! धानोरीची एकी तिथंच मोडली. मला विचाराल तर बरं झालं. त्या एकीत एक खोटं लपलेलं होतं. या भांडणात निदान दोघी खऱ्या होत्या. दोघी घरोघर फिरल्या, दोघींनी दोन्ही गटांच्या बायकांचं ऐकून घेतलं. असं धानोरीत आधी घडलं नव्हतं. थोडक्या मतांनी दिपाली निवडून आली. मतदानाच्या दिवशी शिल्पा आईला शाळेपर्यंत घेऊन गेली आणि स्वतः फाटकाबाहेर उभी राहिली. भल्याभल्यांना असं उभं राहणं जमत नाही.

शिल्पाची रजा संपायच्या आधी पहिली ग्रामसभा भरली. आलेल्या निधीतून काय करायचं, हा विषय. गावच्या वेशीवर कमान बांधायची की शाळेत मुलींसाठी पाण्यासकट स्वच्छतागृह? कमानीचा हट्ट संगमेशचा होता. निवडणुकीच्या आधीपासून त्याच्या डोक्यात ती उभी होती. दिपालीनं आधी सगळ्यांचं ऐकलं. पाहुणी म्हणून मागं बसलेल्या शिल्पालाही तिनं विचारलं, "वन्सं, तुमचं म्हणणं सांगा. बोलायला कायद्याची मनाई न्हाई." शिल्पा शाळकरी पोरींच्या हालांबद्दल चार वाक्यं बोलली आणि बसली.

मग दिपाली म्हणाली, "स्वच्छतागृहाच्या बाजूनं कोण, हात वर करा."

हात वर व्हायला लागले. पुनमचाही झाला. आणि मागं बसलेल्या शिल्पाचा हातही आपसूक वर गेला! क्षणभरच. लगेच तिच्या ध्यानात आलं. तिनं तो हळूच खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला. कुणाचं लक्ष नव्हतं.

संगमेशचं होतं. गेली कित्येक वर्षं तो ग्रामसभेच्या रजिस्टरावर घरबसल्या सही करत आला होता. हात वर करण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि कुणी तो धरूनही ठेवला नव्हता. बहिणीचा तो दाबून धरलेला हात त्याच्या नजरेसमोरून हलेना. बायको आपल्याकडं बघत नाही ना, हे त्यानं आधी पाहिलं. मग कमान विसरून त्यानं आपला हात वर केला, चांगला सरळ, सगळ्यांना दिसेल असा.

बंधू-भगिनींनो, परदेशाचं नागरिकत्व घेणं हा गुन्हा नाही, आणि घेणाऱ्याचं गावावरचं प्रेम त्यानं आटत नाही. शिल्पाचं आटलं नाही. ज्या देशाची शपथ घेतली त्याच्याशी प्रामाणिक राहावं आणि ज्याचा हक्क सोडला तो चोरून वापरू नये, एवढं तिनं केलं. आणि ते करताना तिला किती दुखलं, हे आपण पाहिलं. आता आपलं बघू. आपल्याला हे नागरिकत्व जन्माबरोबर फुकट मिळालं, म्हणून तर ते आपण "चालतंय की" म्हणून टाकून दिलेलं नाही ना? तुमच्या गावची ग्रामसभा पुढच्या वेळी भरेल तेव्हा घरातून उठा आणि जा. तिथं तुमचा हात खाली दाबून धरायला कुणीही बसलेलं नाही.