हराळीची खुरपणी

मी तोंडाने फटकळ हाय, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. उठसूट कुणाचे उपकार मानायची मला सवय न्हाई. पण प्रियदर्शनी मॅडमचं नाव मी दिवसातून एकदा तरी घेते. काहून घेते, ते सांगते.

नांदेडला मुलींच्या एका कॉलेजात मी मैदानावर रोजंदारीला होते. झाडायचं, धूळ बसवायला पाणी मारायचं, फक्कीच्या रेघा ओढायच्या. मैदान म्हणजे नुसती उघडी माती. मग संस्थेनं ठरवलं, गवताचं मैदान करायचं आणि त्याला शिकलेला माणूस ठेवायचा. खेळाचे सोमेश सर अडून बसले. म्हणाले, बाहेरचा माणूस कशाला, कोंडाबाईला लातूरच्या प्रशिक्षणाला पाठवा. सेक्रेटरी साहेब कबूल झाले, पण अट घातली. सर्टिफिकेट आणलं तर मैदान बाईच्या हाती, कायमचं. न्हाई आणलं तर दुसरा माणूस येईल आणि रोजंदारीही बंद.

प्रशिक्षण दीड महिन्याचं. तेरा गडी अन् मी एकटी बाई. शिकवायला प्रियदर्शनी मॅडम, शेतीतली मोठी डिग्री घेतलेल्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानाच्या कडेला एकेकाला एक वाफा दिला, दोन खाटा मावतील एवढा. म्हणाल्या, हा आजपासून तुमचा. शेवटच्या दिवशी बाहेरचे साहेब येऊन बघतील, त्यावर निकाल. अन् दुसऱ्याच्या वाफ्याचं नुकसान केलं, तर त्याच दिवशी घरी.

मी वाफा बघितला अन् म्हणलं, अगं बया, ह्यात तर नुसती हराळी माजलीय. माझं माहेर लोह्याकडचं, दहा वर्षांची असल्यापासून खुरपणीला जाते. हराळी म्हणजे आमची जन्माची वैरीण. कापसात शिरो नाहीतर सोयाबीनमध्ये, पीक खाऊन टाकते. एक गाठ मातीत राहिली तरी परत उठते. हे गवत कुणी मुद्दाम लावत असंल, असं मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आधी रान साफ करायचं, मग चांगलं गवत पेरायचं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत उठले अन् माझा वाफा खुरपून काढला. आता आमच्यात रीत अशी, की आपली पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, संपली की शेजारणीच्या पातीला हात लावायचा. नुसती बसून राहिली तर बाया नावं ठेवतात. शेजारचे गडी आपले घोरून राहिले होते. म्हणलं, बिचाऱ्यांना कुठं खुरपता येतंय. त्यांचे तीन वाफे पण साफ केले, गाठ न् गाठ काढली. मोठा ढीग रचला अन् शाबासकीची वाट बघत बसले.

आधी आला मडिवाळप्पा. उदगीरकडचा, वीस वर्षं मैदानावर रोलर फिरवलेला माणूस. त्यानं आपला वाफा बघितला अन् डोक्याला हात लावून खालीच बसला. त्याच्याकडून मला कळलं, की ही हराळीच मैदानाचं गवत हाय, हीच आम्हाला सांभाळायची होती. बाकीचे दोघं मॅडमकडे पळाले, ही बाई आजच घरी गेली पाहिजे म्हणत. भांडणात मी कुणाला हार जात न्हाई, पण गलती माझीच, भांडणार कुणाशी? खोलीत जाऊन पिशवी भरायला लागले.

मॅडमनी मला परत बोलावलं. ओरडल्या न्हाईत. ढिगातून एक मूठ उचलली, लांब काशा बघितल्या. काशा म्हणजे हराळीच्या मातीतल्या गाठीगाठीच्या मुळ्या. विचारलं, न तुटता एवढ्या कशा निघाल्या? मी म्हणलं, तुटली तर परत उगवते, म्हणून अख्खी काढायची.

मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "काशांची लागवड मी फळ्यावर शिकवणार होते, एवढ्या काशा कुठून आणणार? आता आल्यात. नुकसान भरून निघतं का, ते शेवटच्या दिवशी बघू. पण वाफे तुमचे आहेत, तुमची मर्जी असेल तरच."

मडिवाळप्पा उठला. म्हणाला, "अक्का, उपटलं तू, लावायचं पण तूच. पाणी मी देतो."

त्याचं बघून बाकीचे दोघं पण कबूल झाले. मडिवाळप्पाचे उपकार पण मी विसरत न्हाई.

काशा ओल्या बारदानात झाकल्या, वीतभर तुकडे केले, रेघा ओढून मातीत दाबले, वरून हलका रोलर. शेतात पाणी सोडतात तसं मी भरपूर सोडायला निघाले, तर मॅडमनी पाइपच धरला. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. जिला जन्मभर उपटत आले, तिच्यापुढं रोज उकिडवी बसून म्हणायचे, ये गं बाई, ये. नवव्या दिवशी हिरवी टोकं दिसली. पाचव्या आठवड्यात गवत एकमेकांत विणलं गेलं अन् मॅडमनी पहिली कापणी माझ्याच हातानं करवली.

शेवटच्या दिवशी बाहेरचे साहेब चारही वाफ्यांवरून चालून गेले अन् पास म्हणाले. पण मॅडम म्हणाल्या, तुमच्या संस्थेला मी अहवाल पाठवणार, त्यात सगळं लिहिणार. मी हात जोडले. म्हणलं, ते उपटलेलं तेवढं लिहू नका, सेक्रेटरी साहेब तेवढंच वाचतील. त्या म्हणाल्या, लिहिणार. सीलबंद पाकीट हातात दिलं. लातूर ते नांदेड एसटीत ते पाकीट मांडीवर अन् माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

सेक्रेटरी साहेबांनी ते उघडलं अन् माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं. "कोंडाबाईंनी पहिल्या आठवड्यात चार वाफ्यांतलं गवत मुळासकट उपटलं. मग चारही वाफे स्वतः लावून उभे केले. गेलेलं मैदान परत कसं आणायचं, हे या तुकडीत सगळ्यात जास्त त्यांना कळलं आहे. मैदान त्यांच्याकडेच द्यावं."

साहेबांनी तो कागद परत एकदा मनात वाचला अन् माझ्या नेमणुकीवर सही केली.

मी बाहेर येऊन मॅडमला फोन लावला. लई बोलायचं ठरवलं होतं, पण रडू आवरेना. शेवटी एवढंच म्हणलं, "मॅडम, तुम्ही चूक झाकून मला पास केलं असतं, तर मी जन्मभर भीतच राहिले असते."